पहिल्यांदा नको म्हणायचं असतं

जर्मन शिकून तू केलंस काय, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच आहे, की माझ्या बापाच्या तोंडचं 'नको' मी अगदी बिनचूक जर्मनमध्ये करून सांगितलं. एवढं चोख भाषांतर मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. त्याच्यावर माझं आयुष्य गेलं.

आमचं गाव जुईनगर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. गाव म्हणायचं आपलं. चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि मध्ये आमची घरं, देऊळ आणि लग्नाचा हॉल उरला. बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर. आई मासळी विकते. मोठी बहीण बारावी झाल्याझाल्या लग्न करून गेली. माझी बारावी झाली तेव्हा मी मिशनच्या विद्यापीठात बीकॉमची चौकशी करायला गेले होते. तिथे एका दारावर 'विदेशी भाषा आणि संस्कृती विभाग' अशी पाटी दिसली आणि मी आत शिरले. का शिरले ते आजही सांगता येत नाही. खाजवून खरूज काढायची हौस, दुसरं काय.

घरी सांगितल्यावर आईला एकच टेन्शन. "बाटवनार तर नाय ना ते?" बाबांनी विचारलं, "त्यांचा पन देवच हाय ना? मंग?" आणि विषय संपला. आमचे विभागप्रमुख मंगळूरकडचे धर्मगुरू होते, त्यांना सगळे फादर म्हणायचे. त्यावरून आई मला चिडवायची, "तुजं बरं हाय बाय, घरान एक फादर, तिकरं एक फादर. मीच एकटी."

त्या विद्यापीठात मी सुखी होते, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. सकाळी पहिल्या तासाआधी प्रार्थना व्हायची. आम्ही हिंदू, बौद्ध, मुसलमान पोरी नुसत्या मान खाली घालून उभ्या राहायचो, कोणी काही बोलायचं नाही. फळ्याच्या वर क्रूस आणि क्रूसाच्या बाजूला युरोपचा नकाशा. कॅन्टीनमध्ये सुकटीचा वास आला म्हणून माझ्या डब्याला कोणी नाक मुरडलं नाही. उलट फादर स्वतः येऊन विचारायचे, आज काय आणलंयस.

मॅडम आल्या दुसऱ्या वर्षाला. खऱ्याखुऱ्या जर्मन, उंच, पन्नाशीच्या, सुती कुर्ता आणि पायात जाड सँडल. भाषा तर शिकवायच्याच, पण संस्कृतीचा तासही त्यांचा असायचा. तिकडे कोणाच्या घरी जायचं तर किती वाजता पोचायचं, जेवताना हात कुठे ठेवायचे, आणि नाही कसं म्हणायचं. या शेवटच्यावर त्यांनी अख्खा तास घेतला होता. त्या म्हणाल्या, आमच्याकडे माणूस नाही म्हणाला की ते नाहीच असतं. परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणं. मुंबईत आल्यावर पहिल्या महिन्यात लोकांच्या घरी जेवून त्या आजारी पडल्या होत्या, कारण नको म्हटलं की ताटात आणखी पडायचं. आम्ही पोट धरून हसलो. मॅडम पण हसल्या. त्यांची समजूत अशी झाली होती, की हा प्रकार फक्त जेवणापुरता आहे. आम्हीही ती दुरुस्त केली नाही, कारण त्यापलीकडचं आमच्या ध्यानातच नव्हतं. जे आपण रोज करतो ते कुठे ध्यानात असतं.

दुभाष्याच्या कामाचा तास वेगळा. तिथे त्यांचा एकच नियम. दुभाष्यानं आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही खायचं नाही. मी कधी बोलण्यात थोडी साखर पेरली तर त्या पेन टेबलावर आपटायच्या. मग मी पेरायचं सोडलं आणि वर्गात पहिली आले.

शेवटच्या वर्षी एका मुलीला तिकडच्या विद्यापीठात पाठवायचे. दोन वर्षं शिकायचं, चर्चच्या वसतिगृहात राहायचं, खर्च सगळा त्यांचा. जागा एकच, आणि मॅडमनी माझं नाव सुचवलं. मला त्यांनी खोलीत बोलावून विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. तीन वर्षं शिकून निदान तेवढं मला आलं होतं. त्यांनी सांगितलं, तुझ्याइतकी तयार मुलगी इथे दुसरी नाही. मी जिना उतरून खाली आले आणि चॅपलच्या पायरीवर बसून रडले. माझ्या घरात आजवर कोणाला कोणी निवडलं नव्हतं.

फक्त मुलगी परदेशी जायची तर आईबापांचा होकार प्रत्यक्ष भेटून घ्यायचा, असा विद्यापीठाचा नियम होता. म्हणून रविवारी मॅडम आमच्या घरी आल्या.

बाबांनी त्या दिवशी काय काय केलं! सकाळीच दाढी केली. बहिणीच्या साखरपुड्याला घातलेला पांढरा शर्ट काढला. आईनं खाडीतला जिताडा आणला होता, ओल्या खोबऱ्याचं कालवण केलं होतं. बाबा तीनदा नाक्यापर्यंत जाऊन आले. आदल्या रात्री ते आईला म्हणाले तेही मी ऐकलं होतं, "आपली पोर समुद्र ओलांडनार. माज्या बापानं नुसती खाडी ओलांडली." त्यांच्या मनात काय आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मॅडम ठरलेल्या मिनिटाला दारात उभ्या राहिल्या आणि बाबा अजून नाक्यावरच होते.

जेवणं झाली. मॅडमनी नको म्हणूनही दोनदा वाढून घेतलं, आईकडे बघून हसल्या. मग ओढणी सावरून सरळ बसल्या आणि मला म्हणाल्या, आता वडलांना सांग. मी मध्ये बसले. त्या बोलत गेल्या, मी मराठीत सांगत गेले. तुमची मुलगी हुशार आहे. आम्हाला तिला न्यायचं आहे. तिची काळजी घेऊ. तुमची तयारी आहे का?

बाबांनी हात जोडले. चेहरा कसा फुलला होता. आणि ते म्हणाले, "आमची पोर तिकरं जाऊन काय करनार बाय? तिला अजून भाकर थापाला येत नाय. तुमचं घर मोठं, आमी गरीब मान्सं. नको, नको."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. वडील म्हणतात ती तिथे काय करणार, तिला भाकरी येत नाही, आम्ही लहान माणसं, नको.

ज्याला आमची रीत ठाऊक आहे त्याला हे लगेच समजेल, पण सांगते. आमच्यात पोर मागायला कोणी आलं की बाप पहिल्यांदा नाही म्हणतो. पहिल्या बोलीला हो म्हटलं तर लोक म्हणतात, पोर जड झाली, नाहीतर काही खोट असेल. बापानं पोरीला नावं ठेवायची, मागायला आलेल्यांनी म्हणायचं, असू दे, आम्ही शिकवून घेऊ. बाप परत नको म्हणतो, ते परत विचारतात. माझ्या बहिणीच्या वेळी तिकडची मंडळी दोनदा नाही ऐकून परत गेली होती आणि तिसऱ्यांदा पेढे घेऊन आली होती. जेवढे हेलपाटे, तेवढी पोरीची किंमत. बाबांच्या दृष्टीनं मॅडम त्यांची पोर मागायला आल्या होत्या. मग बाबांनी मला शोभेल असा, चांगल्यातला चांगला नकार दिला.

मॅडमनी विचारलं, "हे त्यांचं नक्की आहे का? त्यांना विचार." मी विचारलं, "बाबा, त्या विचारतात, तुमचं नक्की हाय का?" बाबांना बरं वाटलं. दुसऱ्यांदा विचारणं आलं होतं. ते आणखी वाकून म्हणाले, "नक्की बाय. नको." आणि हसले.

मी तेही सांगितलं. आता त्या पुढचं म्हणतील, असं मला वाटत होतं. काळजी करू नका, आम्ही सांभाळू, एवढं एक वाक्य. ते आलं असतं की बाबा आईकडे बघणार होते आणि आई म्हणणार होती, "बगा आता, येवरी मोठी बाय बोलते तर." होकार झाला की हातावर ठेवायला देवघरात साखरेची वाटी भरून ठेवलेली मला दिसत होती.

मॅडम उठल्या. हात जोडले. म्हणाल्या, तुमच्या निर्णयाचा मला आदर आहे. मी तेही तसंच सांगितलं. बाबा गोंधळून म्हणाले, "निघाल्या पन?"

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. गल्लीत मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, मॅडम, परत चला, पुन्हा विचारा, त्यांना पाठवायचं आहे. त्या थांबल्या. मी रीत सांगितली, तुटक तुटक, क्रियापदं चुकत होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं. मी गोरी बाई, ख्रिस्ती विद्यापीठातून आलेली. तुझ्या वडलांच्या घरात बसून मी त्यांची मुलगी नेण्यासाठी जोर करू? आमच्या लोकांनी या देशात तसला आग्रह आधीच फार केलेला आहे. तुझी इच्छा मला कळते. पण ते नाही म्हणाले, आणि तूच मला सांगितलंस." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. वाईट असत्या तर मला निदान त्यांच्यावर दात खाता आले असते.

सोमवारी मी धावत फादरांकडे गेले. त्यांनी अर्ध्यातच कपाळावर हात मारला. ते मंगळूरचे, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पण मॅडमनी रविवारी संध्याकाळीच तिकडे कळवलं होतं. माझ्यानंतर जिचा नंबर होता ती मुलगी नेरूळची. तिचे वडील सकाळीच येऊन मॅडमना भेटले आणि म्हणाले, येस, थँक्यू व्हेरी मच. झालं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की संपलं, त्या येणार नाहीत. त्यांना पटेना. "तसं नसतंय. कामाची मान्सं, सुट्टी गावली का येतील." पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा दाढी केली. पांढरा शर्ट घातला. आईला म्हणाले, जिताडा नाय गावला तर कोलंबी आन. दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी आत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की वाटायचं बाहेर जाऊन तो शर्ट फाडावा. आणि ते चप्पल वाजली की मान वर करून बघायचे, ते सहन व्हायचं नाही.

शेवटी माझा मामा म्हणाला, आपणच जाऊ. हे आमच्यात कधी होत नाही. पोरीचा बाप आपण होऊन दारात जात नाही. बाबांनी कारखान्यात अर्धी रजा टाकली, मामानं मिठाईचा बॉक्स घेतला, आणि दोघं विद्यापीठात आले. वरातीमागून घोडं. फादरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, मॅडमना बोलावलं. आणि मला. पुन्हा मी मध्ये.

बाबा म्हणाले, "सांग त्यांना. मी हो बोल्लो."

मी सांगितलं. मॅडमनी डोळे मिटले. म्हणाल्या, जागा गेली, आता काही करता येत नाही, मला फार वाईट वाटतं. मी बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली, जणू हे अपेक्षितच होतं. म्हणाले, "परत इचार."

तेव्हा मला उमगलं की त्यांना हा पहिला नकार वाटतोय. आता ते मागणारे होते आणि मॅडम देणाऱ्या. मी परत विचारलं. मॅडम म्हणाल्या, खरंच नाही. बाबा खुर्चीत पुढे सरकले, मिठाईचा बॉक्स टेबलावर त्यांच्याकडे ढकलला. "सांग, पोर हुशार हाय. भाकर येते तिला. मी उगाच बोल्लो. भाकर, कालवन, सगलं येतंय. परत इचार."

मी तेही जर्मनमध्ये सांगितलं. माझे वडील म्हणतात, तिला भाकरी येते. काही घातलं नाही, काही खाल्लं नाही.  मॅडमनी नुसती आडवी मान हलवली. त्याला भाषांतर लागलं नाही.

बाबा उठले. फादरांना नमस्कार केला, मॅडमना केला. बाहेर आल्यावर मामाला म्हणाले, "तीनदा इचारलं. आता खरं नाय." 

मॅडम त्या वर्षाअखेर परत गेल्या. मी पदवी घेतली आणि एका कंपनीच्या ऑफिसात लागले. जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या मेल वाचायच्या आणि उत्तरं पाठवायची. माझी जर्मन तिथे गंजली. दिवसभर तीच वीस-पंचवीस वाक्यं. नेरूळची मुलगी तिकडेच राहिली, बर्फातले फोटो टाकते. मी ते बघते आणि फोन उलटा ठेवते. गावात लोक बाबांची पाठ थोपटतात, की पोरीला परमुलखात जाऊ दिलं नाही ते बरं केलंस. बाबा ऐकून घेतात. मला एकदा तरी त्यांनी म्हणावं असं वाटायचं, की मला तुला पाठवायचं होतं. ते कधी म्हणाले नाहीत. दैव देतं आणि कर्म नेतं, एवढंच आई भांडी घासताना स्वतःशी पुटपुटते.

आणि यंदा दिवाळीनंतर उरणच्या बाजूची मंडळी मला मागायला आली. मुलगा बंदरात नोकरीला, घर चांगलं, दोष काढायला जागा नाही. चहाचे कप अजून ट्रेमध्येच होते. मुलाच्या काकांनी नुसता घसा साफ केला, म्हणाले, "आमाला तुमची पोर पायजेल," आणि बाबा म्हणाले, "हो. दिली."

 पाहुण्यांना पुढची वाक्यं पाठ होती, ती तशीच त्यांच्या तोंडात राहिली. मामानं बाबांच्या मांडीवर हात ठेवला, आईनं पदर तोंडाला लावला. बाबा माझ्याकडे बघत होते. ते डोळे मला ओळखू आले. हात जोडून मॅडमसमोर बसले होते तेव्हाचे होते. ह्या वेळी मी चुकलो नाही पोरी, असं ते मला सांगत होते.

मी म्हटलं, "नको."

पाहुण्यांमधल्या बाया हसल्या, मोकळ्या झाल्यासारख्या. एवढा वेळ जे चुकत होतं ते आता रीतीवर आलं होतं. मुलाची आत्या म्हणाली, "बापानं नाय बोल्लं तर पोर बोल्ली. वळन हाय." मी बाबांकडे वळून परत म्हटलं, "बाबा, खरंच नको मला." त्यांनी कौतुकानं मान डोलावली. त्यांनाही खरं वाटलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं की मी त्या दुसऱ्या देशातलं नको म्हणतेय, एकदा म्हटलं की संपतं ते. पण तिथे ते कोणाला सांगणार, आणि मध्ये बसून सांगायला माझ्यासाठी कोण होतं? आत्यानं माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "मंग, येतेस ना आमच्याकरं?"

मी तिसऱ्यांदा नको म्हटलं, आणि तिनं माझ्या तळहातावर साखर ठेवली.